पत्र्याचा हौदा, दुसऱ्यांदा

जुन्या अमेरिकन पिकअपचं इंजिन मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, शोधत राहिलं तर दाराचं हँडल आणि मीटरची काचही मिळते. मिळत नाही तो धड हौदा. कारण उघड आहे. केबिनमध्ये माणूस बसत होता, हौद्यात माल पडत होता. कोळसा, विटा, मक्याची कणसं, काटेरी तारेची भेंडोळी, शेणखत, जे काही हलवायचं असे ते फावड्याने नाहीतर पायाने आत ढकललं जाई आणि फाळका आपटून बंद होई. बॉनेट पुसणारे मालक पुष्कळ, हौदा धुणारा विरळा. काही वर्षांत तळाच्या फळ्या कुजत, बाजूंना पोट येई, कोपरे गंजून सुटत. मग तो हौदा उतरवून त्या जागी लाकडी फळ्यांचा सपाट प्लॅटफॉर्म ठोकला जाई. त्यामुळे एखाद्या शेताच्या बांधावर १९५० सालची शेवरले सापडली, की बरेचदा केबिन तग धरून असते आणि मागे नुसती चेसिस असते.

त्या नसलेल्या हौद्याचं हे पुस्तक आहे. बाजू, पुढची भिंत, फाळका आणि खालचे आडवे पाट असे चार प्रकारचे भाग पत्रा कापून, वाकवून, जोडून नव्याने कसे घडवायचे, एवढाच त्याचा विषय. मडगार्ड यात नाहीत. दुहेरी गोलाईचा पत्रा ही वेगळी विद्या आहे आणि तिला वेगळं पुस्तक लागेल.

अशा कामाकडे पाहणाऱ्यांचा सूर सहसा ठरलेला असतो: मूळ कारखान्याने डोकं चालवलं, यांनी नुसती नक्कल केली. माझं मत नेमकं उलट आहे. मूळ कारखान्याकडे संख्या होती. एका पॅनेलसाठी चार-पाच डाय लागायचे. आधी पत्रा ओढायचा, मग कडा कापायच्या, मग घड्या पाडायच्या, मग छिद्रं. हे डाय कित्येक टनांचे, त्यांची किंमत डोळे पांढरे करणारी. पण गाड्या लाखांनी विकल्या जात, म्हणून एका हौद्यावर डायचा बोजा नगण्य पडे. आज तोच हौदा करणाऱ्याच्या हातात वर्षाला काहीशे गिऱ्हाइकं असतात. तोच आकार, तोच पत्रा, पण डाय परवडत नाही. मूळ कारखान्याला या हौद्यासाठी कधी सोडवावा न लागलेला प्रश्न याच्यापुढे असतो. पुनर्निर्मितीच्या धंद्यातला प्रत्येक निर्णय, मग तो कोणती घडी कुठे घ्यायची हा असो की कोणत्या सालची गाडी हाती घ्यायची हा, शेवटी ‘किती विकले जातील’ या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण हौद्याचा आकार तिथून आला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतला शेतकरी मोटार विकत घ्यायचा आणि मागचा भाग कापून तिथे स्वतःच लाकडी पेटी बसवायचा. नाहीतर नुसती चेसिस घेऊन गावातल्या सुताराकडून हौदा करून घ्यायचा. एप्रिल १९२५ मध्ये फोर्डने मॉडेल टीवर कारखान्यातच बसवलेला पोलादी हौदा देऊ केला. गाडीची किंमत २८१ डॉलर. उघडणारा फाळका होता, बाजू उंच करायच्या असतील तर खुंट रोवायला कडेला खोबण्याही होत्या. पुढची तीसेक वर्षं सगळ्या कंपन्यांनी हाच साचा चालवला: दोन उभ्या सरळ बाजू, बाहेरून बोल्टने बसवलेली गोल मडगार्ड, मडगार्डच्या पुढे पाय ठेवायला पायरी, तळाला लांबीच्या दिशेने फळ्या आणि दोन फळ्यांमध्ये पोलादी पट्टी. शेवरलेने याला पुढे स्टेपसाइड म्हटलं, फोर्डने फ्लेअरसाइड, डॉजने युटिलाइन. नावं तीन, हौदा एक.

या साच्याचा मोठा गुण म्हणजे तो जवळजवळ सगळा सरळ घड्यांचा आहे. ज्याच्याकडे बऱ्यापैकी लांब प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवायचं मशीन, आहे त्याला बाजूचा पत्रा डायशिवाय घडवता येतो. म्हणूनच पुनर्निर्मितीचा धंदा स्टेपसाइडभोवती वाढला. ओक्लाहोमा सिटीच्या मार-के या कंपनीचं नाव या क्षेत्रात घेतलं जातं, ते मुख्यतः हौद्याच्या भागांमुळेच.

मग १९५० च्या दशकात हौद्याला फॅशन शिवली, आणि तिथे संख्येचा प्रश्न खुद्द डेट्रॉइटच्या बड्या कंपन्यांपुढेच उभा राहिला. शेवरलेने १९५५ मध्ये कॅमिओ कॅरिअर काढली. हौद्याच्या बाजू केबिनच्या सरळ रेषेत, मडगार्डचा फुगवटा नाहीसा. दिसायला देखणी, पण किती खपेल याचा भरवसा नव्हता. एवढ्यासाठी पोलादाचे डाय पाडायची कंपनीची तयारी नव्हती. मग जुनाच पोलादी हौदा आत ठेवून बाहेरून फायबरग्लासची सालं चढवली. ती सालं ओहायोतल्या अ‍ॅश्टाब्यूला गावच्या मोल्डेड फायबर ग्लास कंपनीने केली. शेवरलेच्याच कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या बॉडीचं कामही तिचंच. डॉजची युक्ती आणखी मजेशीर. तिने १९५७ मध्ये स्वतःच्याच दोन दारी स्टेशन वॅगनची मागची मडगार्ड, पंखांसकट, उचलून पिकअपच्या हौद्याला लावली आणि गाडीला स्वेप्टसाइड नाव दिलं. नवा डाय नाही, नवा खर्च नाही. मला हा इंजिनीअर मंडळींचा निर्लज्जपणा फार आवडतो. शेवटी फोर्डने १९५७ मध्येच सपाट बाजूंचा पोलादी स्टाइलसाइड हौदा जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली, १९५८ मध्ये शेवरलेचा फ्लीटसाइड आला, आणि कॅमिओचं काम संपलं.

पुनर्निर्मिती करणाऱ्याच्या दृष्टीने फ्लीटसाइड म्हणजे वेगळंच जनावर. बाहेरचा पत्रा भलामोठा आणि किंचित फुगीर, आतून चाकाचं घर. तो प्रेस ब्रेकवर होत नाही. खरा ओढीचा डायच लागतो. कमी संख्येसाठी किर्कसाइट नावाच्या जस्ताच्या मिश्रधातूचे डाय वापरता येतात. ते लवकर झिजतात, पण वितळवून पुन्हा ओतता येतात. आज बाजारात मिळणाऱ्या मोठ्या ओढीव पॅनेलांपैकी बरीचशी तैवानमधून येतात, त्यामागेही डायच्या खर्चाचंच गणित आहे.

या पुस्तकाने म्हणूनच सरळ घड्यांच्या हौद्याची एकच गाडी धरली आहे: १९४७ च्या उन्हाळ्यात आलेली आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चाललेली शेवरलेची ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिका, आणि तिच्यातलाही ३१०० हा अर्ध्या टनाचा नमुना, ज्याचा हौदा ७८ इंच लांब आहे. निवड शहाणपणाची आहे. गाडी अतोनात खपली, आजही पुष्कळ उरली आहे, लोकांच्या मनातही आहे. अमेरिकन टपाल खात्याने २०१६ मध्ये जुन्या पिकअपची चार तिकिटं काढली, त्यात १९५३ ची शेवरले होती.

पण ‘एकच गाडी’ म्हणताना जरा जपून. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या आठ वर्षांत हौदा गुपचूप बदलत राहिला. १९५१ च्या मध्यावर तळाच्या नऊ फळ्यांच्या आठ झाल्या. १९५४ च्या आधी बाजूची वरची कड उतरती होती, १९५४ पासून ती आडवी झाली. म्हणजे १९५३ ची बाजू १९५४ च्या गाडीला लावली, तर लांबी जुळेल आणि रूप बिघडेल. पट्ट्या नऊ फळ्यांच्या मापाने कापल्या आणि तळ आठ फळ्यांचा निघाला, तर सगळी छिद्रं चुकतील. याची दुसरी बाजूही आहे. १९५४ च्या स्टेपसाइड हौद्याची मूळ ठेवण शेवरलेने १९८७ पर्यंत टिकवली. लांबी, कंस, छिद्रांच्या जागा बदलत गेल्या, पण घड्यांचं तत्त्व तेच राहिलं. जो कारागीर आपली टूलिंग ही गोष्ट ध्यानात ठेवून बनवतो, त्याला एका सेटअपवर तीन दशकांची गिऱ्हाइकं मिळतात. १९५३ चा हौदा करणाऱ्याला ती सोय नाही.

आता खरा अवघड प्रश्न. नक्कल करायची ती कशाची? कारखान्याची मूळ रेखाचित्रं क्वचितच हाती येतात. हाती असतो तो एक जुना पत्रा. त्याने सत्तर वर्षं मार खाल्लेला असतो, एका कोपऱ्यात कोणीतरी वेल्डिंगचं ठिगळ लावलेलं असतं, मधे पोट आलेलं असतं. आज थ्रीडी स्कॅनर मिलिमीटरच्या दशांशापर्यंत माप देतो, पण तो पोटाचंही तितक्याच इमानदारीने माप देतो. कधीही न वापरलेलं, कंपनीच्या मूळ खोक्यातलं पॅनेल मिळालं तरी सुटका नाही. डाय झिजत जातो, डावी-उजवी बाजू वेगवेगळ्या हत्यारांतून येते, आणि त्या काळी हौद्याला दोन-तीन मिलिमीटरचा फरक कोणी मोजत नव्हतं. बोल्टची छिद्रं लांबट ठेवून जुळवून घेत. म्हणून पुस्तकाचा आग्रह असा, की किमान तीन जुने हौदे मोजावेत, आणि सरासरी काढू नये. कोणती मापं तिन्हींत सारखी आहेत ते पाहावं. ती मापं डिझाइनची. बाकीची काळाची.

हे वाक्य मी हस्तलिखितात वाचलं आणि पुस्तकाला प्रस्तावना लिहायचं कबूल केलं.

पत्र्याबद्दल. बाजूंसाठी साधारण १६ ते १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा लागतो, म्हणजे सुमारे दीड ते सव्वा मिलिमीटर. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. नवख्याने हे एकदा भिंतीवर लिहून ठेवावं. आजचा पत्रा जुन्यापेक्षा चांगला आहे, यावर जुन्या गाड्यांचे भक्त चिडतात, पण ते खरं आहे. त्या काळचं रिम्ड पोलाद गोदामात पडून राहिलं की कडक होई आणि ओढताना त्याच्या अंगावर वळ उठत. आजचं अ‍ॅल्युमिनियम-किल्ड पोलाद हा त्रास देत नाही. ‘जुनं ते सोनं’ हे इथे लागू नाही.

घडीचं गणित पुस्तकात सविस्तर आहे. इथे फक्त अंदाज देतो. दीड मिलिमीटर पत्रा आणि आतली त्रिज्याही तेवढीच धरली, तर प्रत्येक काटकोनी घडीमागे सपाट पत्र्याच्या लांबीतून सुमारे अडीच ते पावणेतीन मिलिमीटर वजा करावे लागतात. एका घडीत पाव मिलिमीटरची चूक दिसत नाही. पण एकाच पत्र्यावर पाच-सहा घड्या असतात, आणि त्या सगळ्या चुका शेवटच्या कडेला एकत्र भेटतात. जोर फारसा लागत नाही: हा पत्रा १२ मिलिमीटरच्या व्ही-डायमध्ये वाकवायला मीटरला सुमारे १२ टन, म्हणजे पूर्ण बाजूला २५ टनांच्या आत काम होतं. अडचण जोराची नसून लांबीची आहे. दोन मीटरची घडी घेताना मशीनचा पाट मधे किंचित वाकतो, त्यामुळे टोकांना ९० अंश मिळाले तरी मधे कोन उघडा राहतो. कंसाला किंवा चॅनेलला हे चालून जातं. हौद्याच्या बाजूवर काळा चकचकीत रंग चढला, की तोच अंश-दीड अंश रस्त्याच्या दिव्याच्या प्रतिबिंबात लाटेसारखा हलताना दिसतो. डायखाली पातळ पट्ट्या घालून मधला भाग उचलायची जुनी रीत आहे. तिच्यावरचं प्रकरण मला सगळ्यात उपयोगी वाटलं.

सगळ्यात अवघड घडी म्हणजे वरची गुंडाळलेली कड. हौद्याची ताकद तिच्यात आहे. ती नसेल तर बाजू हाताने हलते. ही कड एका दमात होत नाही. आधी टोकाला छोटा बाक द्यावा लागतो, मग टप्प्याटप्प्याने वळवावं लागतं, आणि शिअरिंगमध्ये कापल्या कडेला आलेला बर, म्हणजे धारदार कोर, कायम वळणाच्या आतल्या बाजूला ठेवावा लागतो. तो बाहेर राहिला, तर तिथूनच पत्रा फाटायला लागतो.

फाळक्याची गोष्ट निराळी. त्याच्यावर कंपनीचं नाव दाबून उठवलेलं असतं, आणि गिऱ्हाईक पहिली नजर तिथेच टाकतं. मूळ कारखाना हे काम एका ठोक्यात करायचा. कमी संख्येसाठी एका बाजूला अक्षरांचा धातूचा डाय आणि दुसऱ्या बाजूला पॉलियुरेथेनची जाड गादी, अशी सोय होऊ शकते. पण अक्षरं पत्रा आपल्याकडे ओढून घेतात आणि भोवतीचा भाग सैल पडतो. दाबला की आत जातो, सोडला की टक्‌कन बाहेर येतो. शिवाय इथे कायदा आडवा येतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या आकारावरचं डिझाइन पेटंट कधीच संपलेलं असतं, तो कोणीही घडवावा. नाव मात्र ट्रेडमार्क आहे आणि ट्रेडमार्कला वय नसतं. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांच्याही परवाना योजना आहेत. परवाना नसेल तर कोरा फाळका विकायचा. नव्या गाड्यांच्या पत्र्याकडे तर परस्पर वळूच नये. २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने एफ-१५० या पिकअपच्या बॉनेट आणि हेडलाइटवरची फोर्डची डिझाइन पेटंटं कायम राखली.

गंजाबद्दल पुस्तक फार बोलत नाही. माझ्या मते ही उणीव आहे, म्हणून दोन शब्द इथेच. हौदा पावसाने जितका गंजतो त्याहून अधिक जोडाने गंजतो. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलं, की मधे केसाएवढी फट राहते, तिच्यात पाणी शिरतं आणि वाळत नाही. खुंटाच्या खोबणीचा तळ आणि फळीखालचा आडवा पाट इथून सुरुवात होते. त्यात उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. गंमत अशी, की डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि तिचं मीठ रस्त्यांवर जातं. ज्या गावाने गाड्या घडवल्या त्याच गावाने त्या खाल्ल्या. मूळ कारखान्याने जोडाच्या आत रंग पोचवायची सोय त्या काळी केली नव्हती. विद्युतभारित प्रायमरच्या टाकीत अख्खं शरीर बुडवायची पद्धत १९६० च्या दशकात रुळू लागली. आज पुनर्निर्मित पॅनेलं बहुधा त्याच काळ्या प्रायमरमध्ये येतात. पण वेल्डिंगच्या आधी जोडाच्या आतल्या बाजूला जस्तयुक्त प्रायमर मारला नाही, तर वरचा काळा थर फक्त दिखाऊ.

मूळ किती जपायचं आणि सुधारायचं किती, या वादात लेखकाने बाजू घेतलेली नाही. मी घेतो. प्रदर्शनांत दिसणारे बहुतेक हौदे मूळ हौद्यांहून देखणे असतात. तळाला वार्निश केलेलं ओक, चकाकत्या स्टेनलेस पट्ट्या, पॉलिश केलेले बोल्ट. शेवरलेने तिथे रंग फासलेलं पाइन घातलं होतं, कारण त्याच्यावर फावडं चालणार होतं. हौशी माणसाने आपल्या पैशाने ओक जरूर घालावं. फक्त त्याला ‘जसंच्या तसं’ म्हणू नये. लपलेल्या जोडाला गंजरोधक लावणं ही सुधारणा मी डोळे मिटून मान्य करीन. ती दिसत नाही आणि हौद्याचं आयुष्य वाढवते.

हे मराठीत कशाला, असं कोणी विचारेल. एक धागा जुना आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, आणि शेवरले हे नाव इथल्या रस्त्यांना तेव्हापासून माहीत आहे. आपल्याकडे ट्रक आजही पुष्कळदा हौद्याशिवाय विकला जातो आणि हौदा स्थानिक कारागीर बांधतो. म्हणजे १९२५ च्या आधीचा अमेरिकन शेतकरी जे करत होता, ते आपल्या बॉडी बिल्डरच्या हातात अजून जिवंत आहे. दुसरं कारण अधिक रोकडं आहे. भोसरी, चाकण, नाशिकच्या प्रेस शॉपमधला आपला माणूस लाखांच्या संख्येसाठी डाय पाडण्यात तरबेज आहे. त्याला पन्नास नगांचं काम द्या, तो ‘परवडत नाही’ म्हणून परत पाठवतो. पन्नास नग कसे परवडवायचे, हे शिकवणारं पुस्तक माझ्या पाहण्यात मराठीत नव्हतं. शेवरलेचं सोडून द्या, ही रीत जुन्या जीपला, ट्रॅक्टरच्या एकेरी गोलाईच्या मडगार्डला, बंद पडलेल्या कोणत्याही मशीनच्या झाकणाला चालेल.

वाचकाला एक सूचना. पुस्तक ओळीने वाचू नका. आधी मोजमापाचं प्रकरण, मग घडीचं, आणि इतिहासाची पानं सवडीने. शेजारी टेप, कोनमापक आणि भंगारातले पत्र्याचे तुकडे असू द्या. ज्या पत्र्याची बाजू करायची आहे त्याच पत्र्याचा, त्याच जाडीचा, हातभर तुकडा आधी वाकवून मोजा, आणि पुस्तकातल्या तक्त्याशी जुळला नाही तर विश्वास तुकड्यावर ठेवा. ऑर्डर देताना दोन पत्रे जास्त मागवा. ते लागतात.